त्याला मी दिसलो असेन

मागच्या महिन्यातली गोष्ट. कुणाला काही झालं नाही, साधं खरचटलंही नाही, तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून एकदाची लिहून टाकतो.

संध्याकाळची वेळ, दिवे लागायच्या बेतात. दोन लेनचा रस्ता, मधे डिव्हायडर, मी उजव्या लेनमध्ये. पुढे झेब्रा क्रॉसिंग आणि डिव्हायडरवर एक काका उभे, सत्तरीचे असतील, हातात कापडी पिशवी. माझ्या पुढच्या तीन-चार गाड्या त्यांच्यासमोरून सुसाट गेल्या आणि मला एकदम पुळका आला, म्हटलं आपण तरी थांबू. थांबलो. ते निघेचनात, नुसते माझ्याकडे बघतायत, याचा काय भरवसा असा चेहरा. मग मी आतून हात केला, या या, जा तुम्ही. ते हसले, मान डोलावली आणि निघाले. चालताना माझ्या बॉनेटवरून त्यांचा हात हलकाच फिरला, लाइट गेल्यावर आपण भिंतीला हात लावत चालतो ना, तसा. आणि तेवढ्यात मला डावीकडच्या आरशात एक हेडलाइट मोठा मोठा होताना दिसला.

बाईक होती. डावी लेन पूर्ण मोकळी, मी थांबलेला त्या पोराला दिसतोय पण का थांबलोय ते त्याला कुठून कळणार, त्याला वाटलं असेल हा वळतोय किंवा फोन आला असेल. काकांचं डोकं बॉनेटच्या पलीकडे गेलं आणि मी हॉर्न दाबला, जो दाबायलाच नको होता, कारण हॉर्न ऐकून काका थांबले आणि वळून माझ्याकडे बघायला लागले, भर लेनमध्ये. बाईकचं मागचं चाक घसरलं, तिरकं झालं, आणि पुढचं चाक पिशवीपासून वीतभर अंतरावर येऊन थांबलं.

दोन सेकंद कुणीच बोललं नाही. मग पोरगा ओरडला, "काका, बघून चाला ना जरा!" काका म्हणाले, "अरे यांनी हात केला म्हणून आलो." आणि दोघं माझ्याकडे बघायला लागले.

आता बघा, मी झेब्रावर थांबलो होतो. काका झेब्रावरूनच चालत होते. पोराचं चुकलंच, क्रॉसिंगजवळ गाडी थांबलेली दिसली की तिला ओव्हरटेक करायचं नसतं, हा नियम बऱ्याच देशांत आहे, पण तो काही रेस लावून येत नव्हता. मग अडलं कुठे? तर मी अडलो होतो, म्हणजे माझी गाडी. मी झेब्राला अगदी नाक लावून थांबलो होतो आणि माझी उंच गाडी त्या दोघांच्या मधे पडद्यासारखी उभी होती. काकांना बाईक दिसत नव्हती, बाईकला काका दिसत नव्हते, दोघंही दिसत होते तो एकटा मी, आणि मी आरशात न बघता हात हलवून मोकळा झालो. नंतर शोधलं तर या प्रकाराला अमेरिकेत चक्क नाव आहे, मल्टिपल थ्रेट. त्यावर उपाय म्हणून तिकडे जास्त लेनच्या रस्त्यांवर झेब्राच्या ६ ते १५ मीटर आधीच थांबायची रेघ मारतात, म्हणजे थांबलेली गाडी मागेच राहते आणि बाजूच्या लेनमधल्याला माणूस दिसायला जागा मिळते. एवढीशी गोष्ट. रंगाचा एक पट्टा. मी वीस वर्षं गाडी चालवतोय आणि मला कधी सुचलं नव्हतं की आपण चांगुलपणाने जवळ जाऊन थांबतो त्यानेच समोरचा झाकला जातो.

त्या दिवसापासून एक वाक्य माझ्या मागे लागलंय: त्याला मी दिसलो असेन. काकांच्या मनात हेच होतं, पोराच्या मनात हेच होतं, आणि रस्त्यावर आपल्या सगळ्यांच्या मनात दिवसभर हेच चालू असतं. क्रॉस करताना वाटतं, गाडीवाल्याला दिसलो असेन, तो करेल स्लो. गाडी चालवताना वाटतं, त्याला गाडी दिसली असेल, तो थांबेल. दोघंही दुसऱ्याच्या ब्रेकवर स्वतःचं काम काढून घेत असतात. आणि गंमत म्हणजे ही दोन माणसं वेगळी नसतातच. मी पार्किंगमधून बाहेर पडलो की एका मिनिटात माझं मत बदलतं, आत असताना हे चालणारे म्हणजे आंधळे आणि बाहेर आलो की हे गाडीवाले म्हणजे माजलेले. चावी खिशात की हातात एवढ्यावर माझी अख्खी विचारसरणी ठरते.

म्हणून म्हटलं आधी हे बघू की गाडीतून नेमकं दिसतं काय.

पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंना जे खांब असतात, ज्याला ए पिलर म्हणतात, ते नव्या गाड्यांमध्ये चांगलेच जाड झालेत, कारण गाडी उलटली तर छत खाली बसू नये आणि पुष्कळ गाड्यांत त्याच्यात एअरबॅगही असते. म्हणजे आतल्या माणसाच्या सुरक्षेसाठी बाहेरचा माणूस झाकला गेला. दहा-पंधरा मीटरवरचा अख्खा माणूस त्या खांबाच्या मागे आरामात मावतो. बरं तो उभा असेल तर गाडी पुढे सरकली की बाहेर येतो. पण तुम्ही वळताय आणि तो चालतोय, आणि दोघांचा वेग नेमका असा जुळलाय की तो खांबाच्या मागेच राहतो, तुम्ही सरकाल तसा तोही सरकतो, तर शेवटच्या क्षणापर्यंत तो तुमच्यासाठी जगात नसतो. आणि मग "अचानक मधे आला". अचानक वगैरे कुणी येत नाही, तो पाच सेकंद चालतच होता. यावर उपाय हास्यास्पद सोपा आहे, वळताना मान आणि खांदे पुढे-मागे हलवायचे, कोंबडीसारखे. मी करतो आता. बायको हसते.

दुसरं म्हणजे डोळे. आपल्याला वाटतं मान उजवीकडून डावीकडे फिरवली की सगळा रस्ता पाहिला, कॅमेरा फिरवल्यासारखा. तसं नसतं. डोळे उड्या मारत जातात, इथे टेकले, मग तिथे टेकले, आणि उडी चालू असताना मेंदू चित्र बंदच ठेवतो, नाहीतर आपल्याला चक्कर आल्यासारखं झालं असतं. मधली गाळलेली जागा मेंदू अंदाजाने भरतो. ट्रक त्या गाळलेल्या जागेत मावत नाही, पण एक माणूस किंवा लांबून येणारी बाईक मावते. तेव्हा "मी बघितलं होतं हो, कुणी नव्हतं" म्हणणारा ड्रायव्हर प्रत्येक वेळी खोटं बोलत नसतो. त्याने बघितलेलं असतं, दिसलेलं नसतं. म्हणून नाक्यावर एका बाजूला दोनदा बघायचं आणि सावकाश बघायचं.

आणि रात्र. यावर आम्ही घरी, म्हणजे घरी नाही, एका रिकाम्या मैदानात प्रयोग केला. बायको गाडीत, हेडलाइट लो बीमवर. मी काळा टीशर्ट आणि गडद जीन्स घालून लांब अंधारात गेलो आणि तिथून गाडीकडे चालत यायला लागलो, ठरलं असं की मी दिसलो की तिने हॉर्न वाजवायचा. मी जिथून निघालो तिथेच माझ्या डोळ्यांवर एवढा उजेड येत होता की मला वाटलं आता वाजेल, आत्ता वाजेल, दिसत कसा नाहीये मी हिला. चालतोय चालतोय. वाजला तेव्हा थांबून गाडीपर्यंत पावलं मोजली, चाळीसच्या आसपास भरली, म्हणजे तीसेक मीटर. मी जवळजवळ भांडायलाच लागलो की तू लक्ष देत नव्हतीस. मग जागा बदलल्या, ती चालत आली, आणि मलाही ती तेवढ्याच अंतरावर दिसली. तिच्या पांढऱ्या बुटांमुळे थोडी आधी, आणि खरंतर आधी नुसते बूटच दिसले, वर खाली होणारे.

यातली मेख ही आहे की हेडलाइट मला दिसतो म्हणजे मी हेडलाइटला दिसतो असं आपण धरून चालतो. अंधारात तुम्हाला गाडी अर्ध्या किलोमीटरवरून दिसते, गाडीला तुम्ही गडद कपड्यात तीसेक मीटरवर दिसता. यावर बऱ्याच ठिकाणी रीतसर प्रयोग झालेत आणि बहुतेकांचं उत्तर एकच, चालणारा माणूस स्वतः किती लांबून दिसतो याचा अंदाज भलताच जास्त धरतो. आणि त्या बुटांचंही कारण सापडलं, चमकणारी पट्टी छातीवर लावण्यापेक्षा घोट्यांना आणि गुडघ्यांना लावली तर ड्रायव्हर माणूस खूप आधी ओळखतो, कारण चालण्याची ती हालचाल मेंदूला लगेच कळते, छातीवरचा ठिपका कशाचाही असू शकतो. फिनलंडमध्ये हिवाळ्यात दिवस म्हणजे नावालाच, तिथे अंधारात चालताना रिफ्लेक्टर वापरावा असं कायद्यातच लिहिलंय, लोक कोटाला छोटंसं लटकन लावतात.

आता हे तीस मीटर लक्षात ठेवा आणि हिशोब बघा. गणित आवडत नसेल तर एवढा एक परिच्छेद सहन करा प्लीज. ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. काहीतरी दिसलं, ते काय आहे ते कळलं, पाय ब्रेकवर गेला, याला एक सेकंद धरू, आणि हे मी उदार होऊन धरतोय, पुष्कळदा दीड लागतो. त्या सेकंदात गाडी १४ मीटर तशीच गेली, वेग जरासुद्धा कमी न होता. मग ब्रेक लागले, कोरडा रस्ता, टायर चांगले, आणखी १४ मीटर. एकूण २८. आता तीच गाडी ६० ने. फक्त दहाच जास्त, स्पीडोमीटरवर काटा इकडचा तिकडे. पहिल्या सेकंदात जवळपास १७ मीटर गेले, ब्रेकला आणखी २०, एकूण साडेछत्तीस. आठ-नऊ मीटरचाच फरक, त्यात काय एवढं, असं मलाही वाटलं होतं. पण प्रश्न असा विचारा: ५० वाली गाडी जिथे पूर्ण थांबली, त्याच जागेवर ६० वाल्या गाडीचा वेग किती असेल? मी पाचच्या आसपास म्हणालो असतो. उत्तर ४० येतं. ताशी चाळीस. एक जण बॉनेटसमोर थांबून घाम पुसतोय आणि दुसरा त्याच जागी माणसाला चाळीसच्या वेगाने ठोकतोय, फरक दहाचा. मी तीनदा करून बघितलं, कारण विश्वासच बसेना.

रात्री गडद कपड्यात तीस मीटर, आणि ६० ला थांबायला साडेछत्तीस. म्हणजे ड्रायव्हर शहाणा आहे, प्यायलेला नाही, फोनवर नाही, दिसल्या क्षणी त्याने ब्रेक मारला, आणि तरीही. अशा वेळी चूक कुणाची यावर लोक तासभर भांडतात, पण गणित अपघाताच्या आधीच संपलेलं असतं. बाय द वे, ५० च्या वेगात फोनवर पाच सेकंद बघितलं तर गाडी सत्तर मीटर जाते. सत्तर मीटर डोळे मिटून गाडी चालवायची पैज कुणी लावेल का? मी लावलीये, अनेकदा, फक्त तेव्हा मला ती पैज वाटली नाही, "पोचतोय पाच मिनिटांत" असा मेसेज वाटला.

आता येतो भांडणाकडे. माझा एक मित्र आहे, हुशार आहे, वाद घालायला त्याला फार आवडतं. हा काकांचा किस्सा त्याला सांगितला तर म्हणाला, "हे बघ, टाळी एका हाताने वाजत नाही, रस्त्यावर फिफ्टी फिफ्टी जबाबदारी असते." ऐकायला एकदम फेअर वाटतं ना. मलाही वाटायचं. पण जबाबदारी फिफ्टी फिफ्टी म्हणताना हाडं कुणाची मोडणार ते कुणी फिफ्टी फिफ्टी करत नाही. चालणाऱ्याने चूक केली तर तो मरतो. गाडीवाल्याने चूक केली तरी चालणाराच मरतो. दीड टनाची गाडी आणि सत्तर किलोचा माणूस, यांच्यात टाळी वाजत नाही.

आणि हे काही मी एकटा भावनेच्या भरात म्हणत नाहीये. फ्रान्समध्ये १९८५ पासून कायदा आहे की गाडीने पायी चालणाऱ्याला धडक दिली तर त्याच्या शारीरिक इजेची भरपाई मिळणारच, अगदी माफच करता येणार नाही अशी चूक त्याची असेल तरच अडवता येते, आणि १६ च्या आतल्या मुलांना आणि ७० च्या वरच्यांना तीही अट नाही. नेदरलँड्समध्ये चौदा वर्षांखालचं मूल सायकलवर किंवा पायी असेल तर जवळपास सगळी भरपाई गाडीवाल्यावर, आणि मोठ्या माणसाची चूक असली तरी सहसा निम्मी तरी त्याच्यावरच. ब्रिटनने जानेवारी २०२२ मध्ये त्यांच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे वाहतुकीच्या नियमपुस्तकात, सरळ उतरंडच घातली, जो जास्त इजा करू शकतो त्याच्यावर जास्त जबाबदारी. म्हणजे ट्रक सगळ्यात वर, मग गाडी, मग बाईक, मग सायकल, आणि सायकलवाल्यानेसुद्धा चालणाऱ्याला सांभाळायचं. पण त्याच कोडमध्ये हेही लिहिलंय की चालणाऱ्यानेही स्वतःची आणि इतरांची काळजी घ्यायची, ते काही माफ केलेलं नाही. मला हे पटतं. दोघांची जबाबदारी आहेच, फक्त सारखी नाहीये.

मित्र म्हणाला, "मग काय, लोक मुद्दाम गाड्यांसमोर उड्या मारतील." मी म्हटलं, अरे पाय मोडून घ्यायला कुणाला हौस असते?

तसं हे "मधे आला" प्रकरण पण फार जुनं नाहीये. गाड्या यायच्या आधी रस्ता सगळ्यांचाच होता, लोक चालायचे, मुलं खेळायची, टांग्यावाला त्यांच्यातून वाट काढायचा. लंडनमध्ये ऑगस्ट १८९६ मध्ये ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई क्रिस्टल पॅलेसच्या आवारात मोटारीखाली गेली, ब्रिटनमध्ये मोटारीच्या धडकेने गेलेली पहिली पादचारी म्हणून तिचं नाव घेतात. गाडी चालवणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे वेग होता ताशी चार मैल. चार! जरा झपाझप चाललं तर आपण तेवढे जातो. ती म्हणे गाडी अंगावर येताना बघून जागच्या जागी खिळून गेली. मग अमेरिकेत १९२० च्या आसपास गाड्या वाढल्या, माणसं, मुख्य म्हणजे मुलं, पटापट मरायला लागली आणि लोक भयंकर चिडले. १९२३ मध्ये सिनसिनाटी शहरात ४२ हजारांवर लोकांनी सह्या केल्या की शहरात गाड्यांना असं यंत्र बसवा की २५ मैलांच्या वर पळताच येणार नाही. गाडीवाल्या मंडळींनी जोरदार प्रचार केला आणि मतदानात तो ठराव पडला. त्याच काळात वाटेल तिथून रस्ता ओलांडण्याला जेवॉकिंग हा शब्द जोरात चालवला गेला, त्यातल्या इंग्रजी 'जे'चा अर्थ गावंढळ, ज्याला शहरात चालायची अक्कल नाही असा. बघा कसं आहे, मारणारी गाडी, आणि शिवी मरणाऱ्याला. ही शिवी पुढे कायद्यात शिरली, गुन्हा झाली. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२३ पासून तो नियम सैल केलाय, खरोखर धडक व्हायची वेळ नसेल तर पोलिस रस्ता कुठूनही ओलांडला म्हणून पकडू शकत नाहीत.

पण थांबा, चालणाऱ्यांना मी सगळं माफ करून टाकलं असं समजू नका, कारण मीही चालतो आणि मी काय काय करतो ते मला माहितीये. सगळ्यात वाईट सवय म्हणजे अर्ध्यातून मागे फिरणे. निघालो, मधे गेलो, गाडी आली, घाबरलो, वळलो आणि पळालो मागे, आणि गाडीवाल्याने नेमकी माझ्या मागून जायला म्हणून गाडी वळवलेली. समोरच्याला आपला पुढचा पाय कुठे पडणार हे कळलं तरच तो वाचवू शकतो ना. दुसरं, बसमधून उतरून बसच्या पुढूनच क्रॉस करणे. हे म्हणजे माझ्या काकांचीच स्टोरी, फक्त पडदा बसचा. बस जाऊ द्यावी, अर्ध्या मिनिटाचं काम असतं, पण ते अर्धं मिनिट आपल्याला का कोण जाणे जड जातं. कानात इअरफोन, तेही एक. इलेक्ट्रिक गाड्या हळू चालताना इतक्या गुपचूप येतात की युरोपात आता नव्या इलेक्ट्रिक गाड्यांना ताशी २० किमीपर्यंत मुद्दाम आवाज काढणारं यंत्र सक्तीचं आहे, आणि आपण काय करतो, कानच बंद करून चालतो. मी एका बाजूचा इअरफोन काढतो रस्ता ओलांडताना. दोन्ही काढावेत, मान्य आहे, अजून तेवढी प्रगती नाही.

फक्त हे सगळं मोठ्या, धडधाकट माणसाला सांगायचं. मुलांना आणि म्हाताऱ्यांना सांगून फारसा उपयोग नसतो, आणि हे मला उशिरा कळलं. लहान मुलाला आपण दहादा शिकवतो, आधी बघायचं मग जायचं. तो बघतो पण. पण येणारी गाडी किती वेगात आहे हे ओळखणं म्हणजे डोळ्यातली तिची आकृती किती भराभर मोठी होतेय हे पकडणं, आणि ब्रिटनमध्ये संशोधकांनी तपासलं तर प्राथमिक शाळेतल्या मुलांना ताशी २० मैल म्हणजे ३२ किमीच्या वर गेलेली गाडी जवळ येतेय हेच नीट पकडता येत नव्हतं. गाडी त्यांना जागेवर उभी असल्यासारखी दिसते. म्हणजे मूल शहाणं आहे, त्याने दोन्हीकडे बघितलं, त्याला गाडी दिसलीसुद्धा, आणि ते निघालं. आता याला बेशिस्त म्हणणार का?

तसंच म्हाताऱ्यांचं. सिग्नलचा हिरवा माणूस किती वेळ लावायचा हे पुष्कळ ठिकाणी सेकंदाला १.२ मीटर चाल धरून ठरवायचे. इंग्लंडमध्ये ६५ च्या पुढच्यांची चाल मोजली तर सरासरी पुरुषांची ०.९ आणि बायकांची ०.८ निघाली. चौदा मीटरचा रस्ता असेल तर हिशोबाला बारा सेकंद पुरतात आणि आजीला साडेसतरा लागतात. राहिलेले साडेपाच सेकंद ती लाल सिग्नलमध्ये, गुरगुरणाऱ्या गाड्यांसमोर चालते, आणि आपण आत बसून म्हणतो, काय हे, सिग्नल पण कळत नाही का. सिंगापूरने २००९ पासून सोय केलीये की ज्येष्ठांनी आपलं कार्ड खांबाला टेकवलं की हिरवा वेळ काही सेकंद वाढतो. हे ऐकलं तेव्हा मला आईची आठवण झाली, ती हिरवा झाला की क्रॉस करत नाही, तो जाऊ देते आणि पुढच्याची वाट बघते, म्हणजे पूर्ण वेळ मिळेल. मी तिला कायम म्हणायचो, चल ना आई, आहे अजून हिरवा. ती म्हणायची, तू हो पुढे. हिशोब तिचा बरोबर होता.

स्वीडनने १९९७ मध्ये पार्लमेंटमध्ये ठरवलं, व्हिजन झिरो, रस्त्यावर एकही मृत्यू चालणार नाही, आणि त्यातली मला आवडलेली गोष्ट अशी की त्यांनी गृहीतच धरलं की माणूस चुकणार. चालणारा चुकणार, चालवणारा चुकणार. मग रस्ता असा बांधा की चुकीची शिक्षा मरण नसेल. जिथे माणसं आणि गाड्या एकत्र आहेत तिथे ३० ची मर्यादा, मधे थांबायला जागा, वळणं अशी की वेग आपोआप उतरतो. नॉर्वेच्या ऑस्लोत २०१९ मध्ये वर्षभरात एकही पादचारी आणि एकही सायकलवाला गेला नाही. पावणेसात लाखांच्या शहरात. तिथली माणसं काही देवाघरून शिस्त घेऊन आलेली नाहीत, तीही फोन बघत चालतात. आणि दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब, २०२१ मध्ये जगभरात रस्त्यांवर जवळपास ११ लाख ९० हजार माणसं गेली, त्यातले २३ टक्के चालणारे.

उंच गाडीचं सांगायचं राहिलंच. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या संस्थेने २०२३ मध्ये अभ्यास केला, तर ज्यांचं बॉनेट एक मीटरच्या वर आहे अशा गाड्यांच्या धडकेत पादचारी मरण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा ४५ टक्क्यांनी जास्त निघाली. बुटकी गाडी पायाला लागते आणि माणूस बॉनेटवर पडतो, उंच गाडी छातीला, डोक्याला लागते. मी ते वाचून खाली पार्किंगमध्ये गेलो आणि माझ्या गाडीसमोर उभा राहिलो. बॉनेटची कड माझ्या बरगड्यांच्या जरा खाली येते. काका माझ्यापेक्षा बुटके होते. घेताना मी शोरूममध्ये म्हणालो होतो, उंच हवी, वरून रस्ता छान दिसतो.

तर आता मी काय करतो. झेब्राच्या बराच आधी थांबतो, मागचे हॉर्न मारतात, मारू देत. थांबण्याआधी आरसे बघतो. आणि हात करत नाही. हात करणं बंदच केलंय, दोन्ही हात स्टिअरिंगवर, कारण मी फक्त माझ्या गाडीपुरतं सांगू शकतो की मी थांबलोय, बाजूच्या लेनचं वचन मी कशाच्या जोरावर देतो?

परवा त्याच क्रॉसिंगला एक शाळेतली मुलगी उभी होती, पाठीवर तिच्याहून मोठं दप्तर. मी थांबलो. ती माझ्याकडे बघत राहिली, बहुतेक हात कधी करतोय याची वाट बघत. मी केला नाही. मागून हॉर्न. मग ती निघाली, माझ्या गाडीच्या कडेपर्यंत आली आणि तिथे थांबली, अगदी बॉनेटच्या कोपऱ्याला धरून, आणि मान लांब करून पलीकडच्या लेनमध्ये डोकावली. एक बाईक गेली. मग अजून एक. मग तिने परत डोकावलं आणि दप्तर सावरत पळत पलीकडे गेली.